बाग मंडळाची पाडव्याआधीची बैठक, आणि दरवर्षीचा प्रश्न: मे महिन्यात पाणी कोण घालणार?

मुळाक्षर | २३ मार्च २०२५, रात्री १०:४०

आज आमच्या बाग मंडळाची बैठक झाली. मंडळ म्हणजे फार काही नाही. सिंहगड रस्त्यावरच्या पाच-सहा जुन्या सोसायट्या, एक व्हॉट्सॅप ग्रुप, आणि वर्षातून तीन-चार वेळा कुणाच्या तरी पार्किंगमध्ये अंथरलेली सतरंजी. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. ज्याचं पार्किंग, त्याच्याकडे चहा. आज एकतीस माणसं आली, म्हणजे आमच्या मानाने जत्राच.

सतरंजी करंजाखाली होती. गेल्या आठवड्यात हा करंज पार उघडा पडला होता, आज बघते तर पोपटी झालाय आणि जुनी पानं सगळी आमच्या खाली. कुणी हललं की कुरकुर आवाज.

आधी बियांची देवघेव. आम्ही लग्नपत्रिकांची पाकिटं वर्षभर जपून ठेवतो आणि त्यात बी भरतो. त्यामुळे पुढून 'चि. सौ. कां.' आणि मागे 'लाल माठ' असा प्रकार असतो. यंदा वालपापडी, अंबाडी, चौधारी, चंदनबटवा, काटेरी वांगं आणि तीन जणांकडून तीन तऱ्हेच्या चवळ्या आल्या. एका आजींनी आणलेल्या पाकिटावर लिहिलं होतं, 'नाव माहीत नाही पण छान येतं'. त्यांच्या बहिणीकडून आलेलं, बहिणीला शेजारणीकडून. पैज लावून सांगते, सगळ्यात आधी तेच संपलं. मी चार बिया हळूच बाजूला काढल्या म्हणून वाचल्या.

एकाने दुकानातली संकरित टोमॅटोची पाकिटं आणली होती, त्यावरून थोडं वाजलं. म्हणणं इतकंच होतं, की संकरित झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तसंच झाड येईल याचा भरवसा नसतो. मग देवघेवीत ते कशाला? शेवटी पाकिटं ठेवली, वर तसं लिहिलं.

मग प्रात्यक्षिक. आमच्यातल्या एका निवृत्त काकांच्या गच्चीवर दुधीचा वेल आहे. सगळी वरात सहा-साडेसहाला तिकडे. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, सकाळी जाऊन उपयोग नाही. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच असतो, नराचा नुसता लांब देठ. काकांनी नर फूल तोडलं, पाकळ्या मागे सोलल्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात अलगद फिरवला. फिरवताना शेजारच्या मुलीला म्हणाले, "तीट लावतात तसं, घासायचं नाही." जमलं तर तीन-चार दिवसांत तो चिमुकला दुधी मान खाली घालतो आणि फुगायला लागतो. नाही तर पिवळा पडून गळतो. त्याच वेलावर दोन्ही नमुने लटकत होते, त्यामुळे समजावण्याची गरज उरली नाही.

इथपर्यंत सगळं गोड. आता मुद्द्याचं.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक पट्टी आहे, साठ फूट लांब आणि आठ फूट रुंद. बांधकामाचा राडारोडा टाकलेली. गेली तीन वर्षं आम्ही याच बैठकीत ठराव करतो, 'चला, वसंत आला, लावू या.' पहिल्या वर्षी अडुळसा, गवती चहा, सोनटक्का, कोरफड. जूनमध्ये कोरफड तेवढी जिवंत. दुसऱ्या वर्षी जास्वंद, तगर आणि वर ठिबक. नळ्या खारींनी कुरतडल्या. गेल्या वर्षी वॉचमनदादांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी पाणी घातलंही, पण टँकर सुरू झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "आम्हाला आंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही भिंतीला पाजताय?" तेव्हा मी स्वतः सांगलीला माहेरी होते. बाकी मंडळही कोकणात, नाशकात, नाही तर लेकीच्या बाळंतपणाला परदेशात. मे महिन्यात पुण्यात राहतो कोण?

आज पुन्हा तोच ठराव येणार असं दिसलं तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, मुळात वसंत हा आपला लावणीचा ऋतूच नाही. हे खूळ आपल्या डोक्यात इन्स्टाग्रामवरून आलंय. तिकडे बर्फ वितळतो म्हणून माणसं मार्चमध्ये खुरपं घेऊन धावतात. आपल्याकडे पाडव्यानंतर दोन महिने जमीन भाजत असते. आपल्या आजीने या दिवसांत लावलं काही नाही. बी राखून ठेवलं, पाला गोळा केला, खड्डे खणले. लावणी पाऊस पडल्यावर.

अर्धे माझ्या बाजूने, अर्धे म्हणतात, 'उत्साह आत्ता आहे, जुलैपर्यंत टिकणार नाही.' त्यांचंही खोटं नाही. म्हणून इथे विचारते. तुमच्याकडे अशी सामायिक जागा कोणी सांभाळलीय का? उन्हाळा कसा काढलात?

---

ओला_कचरा | २३ मार्च, रात्री ११:०२

'नाव माहीत नाही पण छान येतं' मला हवंय. ठाण्याला पाठवाल का? पोस्टेज देतो.

---

नवतपा | २४ मार्च, सकाळी ६:१५

ताई, पुण्यात भाजते म्हणता? या आमच्या नागपुरात. २५ मेपासून रोहिणीचे नऊ दिवस काढून दाखवा, मग बोलू. (माझं नाव उगाच नाही.)

पण मुद्दा बरोबर आहे. आमच्या कॉलनीच्या बागेत आम्ही होळीनंतर नवीन रोप लावतच नाही. जे आहे ते जगवायचं. फेब्रुवारीअखेर हिरवी जाळी, पन्नास टक्के सावलीची. झाडाभोवती पाचोळ्याचा चार बोटं थर, खोडाला न टेकवता. आणि मडकी. जुनं, न रंगवलेलं माठ-मडकं गळ्यापर्यंत गाडायचं, भरून वर झाकणी ठेवायची. मातीतून झिरपत राहतं, आमच्याकडे दोन दिवसांनी एकदा भरावं लागते. सिमेंट-रंग लावलेलं मडकं घेऊ नका, पाझरत नाही.

एक धोक्याची गोष्ट. दरवर्षी कोणीतरी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालते. पाणी उडून जाते, क्षार टाकीतच साचतात, आणि आपण ते घट्ट खारं पाणी मुळाशी ओततो. पानांच्या कडा जळतात आणि लोक म्हणतात ऊन लागलं. आरओ मशीनच्या सांडपाण्याचीही तीच गत. एसीचं पाणी चालते, ते जवळपास पावसाच्या पाण्यासारखंच.

---

थेम्सकाठी | २४ मार्च, दुपारी ३:५०

'तिकडे बर्फ वितळतो' त्या तिकडून लिहितेय. :)

लंडनच्या कडेला आमचा एक अलॉटमेंट आहे. म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, साधारण अडीचशे चौरस मीटर. आम्हाला अर्धा मिळालाय, तोही चार वर्षं यादीत थांबून. १९०८ च्या कायद्यापासून कौन्सिलांवर अशा जागा देण्याची जबाबदारी आहे.

इथे वसंतातली बैठक म्हणजे खरंच हंगामाचा नारळ फोडणं. एप्रिलअखेरपर्यंत रात्री हिव पडून रोपं काळी पडायची भीती असते. म्हणून सगळे आपापल्या खिडकीत रोपं करतात आणि मे महिन्यात जास्तीची रोपं विकायला मांडतात. माझ्या मेथीच्या जुडीवर आता तीन इंग्रज आजोबा डोळा ठेवून असतात. आमच्याकडे मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, ऑफिसनंतर पाणी घालता येतं. तुमची मंडळी नेमकी त्याच वेळी घर बंद करून निघतात. ऋतू उलटा, सुट्टीही उलटी.

पाण्याच्या पाळीचं मात्र सांगते. शेडच्या दारावर कागद आहे, प्रत्येकाने आपले आठवडे आधी लिहायचे. नाव लिहून न आलेल्याला कोणी ओरडत नाही. फक्त पुढच्या बैठकीत चहा त्याने करायचा. पुरतं तेवढं.

---

परसदार | २४ मार्च, रात्री ९:३०

मुळाक्षर, तुमच्या आजीचं बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. वसंतात काहीच लावत नाहीत असं नाही हो. आमच्याकडे (सावंतवाडी) अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आळी करतात. सुरण, हळद, आलं, करांदे, अळू, सगळं तेव्हाच मातीत जातं. गंमत अशी की या मंडळींना पाणी लागतच नाही फारसं. कंद आत गप्प पडून असतो, वळवाची एखादी सर आली की डोळा फोडतो. पावसाळ्यात तो आयताच वर. म्हणजे तुमच्यातल्या उत्साही अर्ध्यांना कामही मिळेल आणि तुम्हाला मे महिन्यात बादल्याही उचलाव्या लागणार नाहीत.

सुरण लावताना डोळा वर ठेवा, खड्डा हातभर, आणि आत पातेरा भरा. पातेरा म्हणजे तुमचा पालापाचोळा. आम्ही काजू-आंब्याच्या बुंध्याशी तोच घालतो. पुण्यात लोक तो जाळतात हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं. जाळतो आम्हीसुद्धा, भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) जमिनीवरच पाला पसरून भाजावळ करतो, पण तिथे राख जमिनीलाच मिळते. तुमच्याकडे ती धुरासकट वरच्या मजल्यावर जाते.

आणि हात खाजले तर चिंच किंवा कोकमाचं आगळ चोळा. सुरण कोणाची ओळख ठेवत नाही.

---

मुळाक्षर | २४ मार्च, रात्री १०:१५

परसदार, हे कंदांचं डोक्यातच आलं नाही! आमच्या सासूबाई हळदीचे गड्डे टोपलीत घालून 'अक्षय्यतृतीया होऊ दे' म्हणायच्या. ते मला मुहूर्ताचं वेड वाटायचं.

पाला जाळण्याबद्दल: आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज सकाळी कोपऱ्यात धूर असायचा. मग आम्ही कोंबड्यांच्या जाळीचं चार फूट उंच गोल कडं केलं, विटांवर उभं. त्यात पाला भरायचा, अधूनमधून ताक मिसळलेलं पाणी शिंपडायचं, पायाने दाबायचं. मुलांना पाय द्यायला भारी आवडतं. दर आठवड्याला भरतो आणि दर आठवड्याला रिकामं दिसतं, इतकं खाली बसतं. धूर बंद झाला तो दंडाच्या पाटीने नाही, झाडणाऱ्या मावशींना पाला टाकायला जवळची जागा मिळाली म्हणून.

ओला_कचरा, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चारातल्या तीन पाठवते.

---

पुराव्यानिशी | २५ मार्च, सकाळी ११:२०

दंडाची पाटी निघालीच आहे तर: उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात असेल तर २५,०००, हा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. पाला त्यातून सुटत नाही.

आता तिसऱ्या मजल्याच्या आवाजाबद्दल. या वादात आकडा कोणीच मांडत नाही, म्हणून मांडतो. साठ गुणिले आठ म्हणजे ४८० चौरस फूट, साधारण ४५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. पाचोळ्याने झाकलेल्या वाफ्याला मे महिन्यात रोज ५ मिलिमीटर धरू. झाले २२५ लिटर. पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या. दहा हजार लिटरचा एक टँकर तुमच्या पट्टीला ४४ दिवस पुरतो. म्हणजे सगळ्या मे महिन्याला एक टँकरसुद्धा लागत नाही. सोसायटीत किती टँकर येतात ते तुम्हीच मोजा.

थोडक्यात, तुमच्याकडे पाण्याची टंचाई नाही. रोज पंधरा बादल्या उचलणाऱ्या हातांची आहे.

---

कुंडीतला_वड | २५ मार्च, दुपारी १:४५

सगळं छान, पण 'गच्चीवर दुधीचा वेल' वाचून माझा जीव वरखाली झाला. मी वरून दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या वरच्या बागप्रेमींनी अर्धी कापलेली पिंपं मातीने भरून मांडली आहेत, बारा. शंभर लिटर ओली माती दीडशे किलोच्या वर जाते. बारा पिंपांचं वजन तुम्हीच करा. माझ्या बेडरूमच्या छताला आता भारताचा नकाशा उमटलाय, अंदमानसकट. बाग मंडळांनी यावर कधी बैठक घ्यावी.

---

मुळाक्षर | २५ मार्च, दुपारी २:३०

अंदमानसकट! :)) हसू नये, पण हसले.

तक्रार रास्त आहे. आमच्यात नियम असा: गच्चीवर नुसती माती चालत नाही. तळाला नारळाच्या शेंड्या, वर उसाची चिपाडं आणि पाचोळा, त्यावर खत आणि माती मिळून फार तर तिसरा हिस्सा. वजन बरंच उतरतं. पिंपं मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेत, विटांवर, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि गळती दिसते. आणि आधी जलरोधक थर. हे सगळं करूनही गच्ची जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाही म्हणजे नाही. तुमच्या वरच्यांना हा धागा वाचायला द्या.

---

जाईजुई७२ | २५ मार्च, सायं. ५:१०

मध्येच विचारते, जास्वंदीला कापसासारखं पांढरं काहीतरी लागलंय, चिकट, आणि मुंग्याही आहेत. काय करू?

---

नवतपा | २५ मार्च, सायं. ५:४०

पिठ्या ढेकूण. आधी नळीने जोरात पाणी मारून पाडा, जास्त लागलेली फांदी छाटा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, चार थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर व्यर्थ. त्याच त्याला इकडून तिकडे नेतात आणि गोड चिकटा खातात.

---

दोडका | २५ मार्च, रात्री ८:५५

परागीभवनाचं वर्णन आवडलं, पण अर्धवट ज्ञान पसरू नये म्हणून वेळापत्रक: दुधी संध्याकाळी. दोडका, म्हणजे आम्ही, तेही संध्याकाळीच. लाल भोपळा, काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळी. भोपळ्याला तर नऊनंतर गेलात तर फूल मिटलेलं. रात्रीची फुलं पतंगांसाठी, सकाळची मधमाश्यांसाठी. गच्चीवर फुलोरी माशी आली असेल तर तुम्हाला काही करावं लागत नाही. तिचं हाताच्या पंजाएवढं एकच पोळं फांदीला असतं, ते बघून लोक घाबरून पेटवतात आणि मग कुंचला घेऊन फुलांच्या मागे लागतात.

आणि ते अनामिक पाकीट. बी काळं, चपटं आहे का?

---

मुळाक्षर | २५ मार्च, रात्री ९:२०

काळं, चपटं, हो. तुम्हाला कसं कळलं?

---

दोडका | २५ मार्च, रात्री ९:३१

'छान येतं' यावरून. ज्याचं कौतुक बहिणीकडून बहिणीकडे जातं ते बहुतेक वेलच असतं. आता अंगठ्याने चोळून बघा. बी खरबरीत, खाचा-खाचांचं असेल तर दोडका. गुळगुळीत आणि कडेला बारीक किनार असेल तर घोसाळं.

---

मुळाक्षर | २५ मार्च, रात्री ९:४०

तिन्ही सकाळीच पोस्टात टाकल्या. :( चौथी नातवाने कुठेतरी 'लावली' आहे, कुठे ते सांगत नाही.

---

बीजवाटप | २७ मार्च, सकाळी १०:००

उशिरा आले. देवघेव चालू ठेवा, कितीही लहान असली तरी. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या बियाण्यापासूनच सुरुवात केली होती. आज त्यांची बीजबँक सगळ्यांना माहीत आहे, २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण बी धरताना दोन गोष्टी. पहिली फळं खाऊ नका, त्यातलं उत्तम वेलावरच वाळू द्या. सगळ्यांचा मोह तिथेच आडवा येतो. आणि पाकिटावर गावाचं नाव आणि महिना लिहा, नाही तर पाच वर्षांनी सगळीच पाकिटं 'नाव माहीत नाही' होतील. साठवताना कोरडी राख नाही तर वाळलेला कडुनिंबाचा पाला.

ऋतूबद्दल मुळाक्षर यांच्याशी सहमत. पुण्याचंच बघा ना. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्था १८३० पासूनची, पण त्यांचं मोठं पुष्पप्रदर्शन भरतं ते जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये नाही. पुण्यातली मोसमी फुलं पोटभर फुलतात ती थंडीत. आपल्या वसंतात फुलायचं काम मोठी झाडं करतात, पळस, पांगारा, काटेसावर. त्यांना आपल्या बादलीची गरज नसते.

---

कुंडीतला_वड | २७ मार्च, दुपारी १२:१५

धागा दिला वरच्यांना. त्यांनी वाचला. आता म्हणतात दुधी लावणार.

---

मुळाक्षर | ३ मे २०२५, रात्री ८:३०

धागा वर काढते. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया होती, त्या दिवशी आम्ही पट्टीवर जमलो. राडारोडा आधीच्या दोन रविवारी उपसला होता. चौदा खड्डे. प्रत्येकात कड्यातला अर्धकुजलेला पाला, त्यावर थोडं शेणखत. आठात हळद, तिनात सुरण, तिनात अळू. रोप एकही नाही, म्हणजे ठरलं तसं. (एका सदस्याने रात्री गुपचूप एक मोगरा लावला आहे. कोणी ते मला माहीत आहे. कुंडीसकट पुरलाय.)

सुरणाचे हात खाजले. आगळ नव्हतं, चिंच होती, चालली.

पाण्याची पाळी थेम्सकाठींच्या पद्धतीने जिन्याच्या दारावर लावली. पुराव्यानिशी यांचा हिशेब मोठ्या अक्षरात छापून शेजारी. तिसऱ्या मजल्याचे काका तो बराच वेळ वाचत उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी १२ ते १८ मे समोर त्यांचं नाव.

---

परसदार | ३ मे, रात्री ९:१०

अळूच्या खड्ड्यात मोरीचं पाणी सोडता येतंय का बघा. पाळी लागणारच नाही त्याला.

---

मुळाक्षर | १ जून २०२५, सायं. ७:००

तर उन्हाळ्याचा अहवाल. पाळ्या लिहिल्या, बादल्या मोजल्या, आणि पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला मोसमी पाऊस पुण्यात दाखल, त्याआधीही वळवाने झोडपलं होतंच. काकांच्या आठवड्यात तर पाणी घालायची वेळच आली नाही. ते छत्री घेऊन रोज जाऊन नुसते बघून यायचे.

हळदीचे आठपैकी सात फुटले, सुरळीसारखी पानं वर आलीत. सुरण अजून एकच. अळू बेफाम. चार फुटांचं पाल्याचं कडं दीड फुटावर बसलंय आणि आत बोटभर लांब गांडुळं. मोगरा जगलाय, ते बघून त्याचे मालक आता उघडपणे फिरतात.

---

पुराव्यानिशी | १ जून, रात्री ८:१५

अभिनंदन. पण या वर्षावरून तुमचा सिद्धान्त सिद्ध झाला असं धरू नका. असा मे रोज येत नाही. मार्चमध्ये जास्वंद लावली असती तर तीही जगली असती.

---

मुळाक्षर | १ जून, रात्री ८:४०

धरलेलं नाही. पाळीचा कागद काढलेला नाही, पुढच्या वर्षाचे रकाने आखून ठेवलेत. तुमचं नाव लिहू का?

---

नवतपा | १ जून, रात्री ९:०५

यंदा माझं नावच वाहून गेलं हो. नवतप्यात ढग! लोक मला विचारतात आयडी बदलणार का.

---

ओला_कचरा | ८ जून २०२५, सकाळी ७:१०

मंडळी, अनामिक वेलाची खबर. तीनपैकी दोन उगवले, एक गोगलगाईने खाल्ला. उरलेल्याने खिडकीची जाळी पूर्ण व्यापली आहे. पंधरा दिवस नुसती नर फुलं येत होती, घोस-घोस, गळून पडायची. पण तीही कधी उमलतात ते बघायला मी घरी असेन तर ना, सातला निघतो आणि रात्री नऊला परत. आज रविवार म्हणून सापडलो. पहिलं मादी फूल, पिवळं, सव्वासहाला माझ्यासमोर उघडलं. मागे बोटाएवढं गुळगुळीत हिरवं फळ. शिरा नाहीत.

---

दोडका | ८ जून, सकाळी ७:२२

सकाळी उमललं, शिरा नाहीत. घोसाळं. आत्ताच्या आत्ता जाऊन शेजारच्या नर फुलाने तीट लावा, नऊ वाजायची वाट बघू नका.

---

ओला_कचरा | ८ जून, सकाळी ७:२९

लावली. पावसाने धुतली जाणार नाही ना?

---

दोडका | ८ जून, सकाळी ७:३१

वर छत्री धरा तासभर. आणि पहिलं बियाण्याला ठेवा. भजी दुसऱ्याची.